चव

जळगावच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून पाहिलं
आणि म्हणाला, सुपडूभाऊ, आतून तुम्ही
काट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यासारखे दिसता.
मी हसलो. दुखलं, म्हणून थांबलो.

बत्तीस वर्षं लग्नांची भरितं केली.
बामणोदची वांगी, क्विंटलच्या हिशोबानं,
आणि मिरच्या तेलात पडल्या की
मांडवातले म्हातारे आधी खोकायचे,
मग एकमेकांकडे बघून खूश व्हायचे.
प्रत्येक घाण्याला माझं एक बोट. उपाशीपोटी.
बोटावर चहा, चहावर बिडी,
शेवटची पंगत उठेपर्यंत भूक मेलेली.
म्हणजे बत्तीस वर्षं मी जेवलोच नाही,
नुसतं चाखलं.

फेगडे मॅडमनं आहाराचा कागद दिला, लॅमिनेशन केलेला.
सातला ज्वारीच्या कण्या, मऊ.
दहाला केळं, पिकलेलं, पण काळे डाग पडायच्या आधीचं.
दुपारी भात, मुगाचं वरण, ताजं ताक.
रात्री पुन्हा कण्या.
खाली लाल पेनानं: तिखट नाही.
मग तिनं माझा धंदा विचारला
आणि ‘नाही’खाली अजून एक रेघ ओढली.

केवळनं कण्या वाढल्या,
भिंतीला द्यायच्या चुन्यासारख्या.
मी म्हणालो, मीठ कमी आहे.
ती म्हणाली, मीठ बरोबर आहे,
जीभ भाजलीय तुमची.
चार दिवस आम्ही कण्यांवरून भांडलो.
लग्नाला एवढी वर्षं झाली, पण
स्वयंपाकावरून ती माझ्याशी कधी भांडली नव्हती;
घरात आचारी असल्यावर कोण बोलणार?
दहाव्या की अकराव्या सकाळी
घास तोंडात तसाच राहिला.
ज्वारी गोड असते.
यावलच्या माणसाला, ज्वारीच्या कणगीजवळ जन्मलेल्याला,
हे साठीला कळावं!

आतलं अस्तर रोज थोडं थोडं भरतं, मॅडम म्हणाली,
घाई करू नका.
पोट भरणं म्हणजे
हेही असतं तर.

मार्गशीर्षात पाडळशाचं लग्न आलं.
नाही म्हणालो, ऐकेनात.
मग केवळला नेलं सोबत,
कढईपाशी पाट टाकून बसवलं.
मी ढवळायचो, ती बोट लावायची, डोळे मिटायची.
लसूण कच्चा आहे.
दाणे अजून एक ओंजळ.
आता उतरवा.
पोरं मला सोडून तिच्याकडे बघायला लागली,
मला थोडं लागलं ते.
थोडंच.

बाजूला दोन विटांवर माझं पातेलं होतं,
कण्या, ताक, जिऱ्याची चिमूट.
पहिला आला नवरदेवाचा मामा,
जुना पहिलवान, वाटी धोतराआड लपवून.
‘थोडसं मले बी दे. कोनाले सांगू नको.’
मग व्हिडिओवाला पोरगा, रोज रात्री
कुठल्या ना कुठल्या मांडवात तर्री खाणारा.
मग एक सासू, मग तिची विहीण,
दोघी वेगवेगळ्या बाजूंनी.
कोणाला जळजळ, कोणाला गॅस,
एक जण नुसताच बसून राहिला पातेल्यापाशी,
काय होतंय ते न सांगता.
मी वाढत गेलो.
तिकडे भरिताची पंगत जोरात,
लोक सुस्कारे टाकत होते, नाकं पुसत होते,
वा सुपडूभाऊ म्हणत होते.

दिवे उतरवताना पाहिलं,
पातेलं खरवडलेलं.
आणि पोटात काहीतरी हललं,
आग नव्हे, कळ नव्हे.
ओळखायला वेळ लागला.
भूक होती.

केवळनं पिशवी चाचपली.
एकच केळं निघालं, दिवसभर पिशवीत दबलेलं,
काळे डाग पडलेलं.
मॅडमचा कागद घरी होता.
खाल्लं.