खण नंबर सात

ऐरोलीच्या मोठ्या लॅबनं कारगुटकरला बोलावलं
तेव्हा मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.
ते देणार सहा हजार जास्त,
बस, कँटीन, आईवडिलांसकट विमा,
आणि थंडगार खोली, जिथे मशीनच दात कोरतं.
माझ्याकडे नायगावातली दीड खोली,
एक भट्टी, प्लास्टरच्या गोणी, सहा माणसं,
दिवाळीला एक पगार, तोही दोन तुकड्यांत.

बायको म्हणाली, दात कोरून पोट भरत नसतं.
काहीतरी धड दे त्यांना.

मग मी द्यायला लागलो.
शनिवारी तीनला सुट्टी दिली,
ती महिनाभर टिकली,
कारण डॉक्टर शहाण्यांना ब्रिज सोमवारी सकाळीच लागतो.
फीसाठी बिनव्याजी उचल दिली.
विम्याचा एजंट आला, सहा डोकी मोजून
"दहा तरी हवीत, शेठ" म्हणत जिना उतरला.
चहा दोनदाचा तीनदा केला.
कुणी काही बोललं नाही. चहा प्यायले.

भिंतीला एक लोखंडी कपाट होतं,
चोवीस खणांचं. खणाखणांत जबडे,
प्लास्टरचे, पिवळे पडलेले,
पाठीवर पेन्सिलीनं नावं. बरीचशी माणसं गेलेली,
चावा तेवढा राहिलेला.
एका रविवारी ते सगळे गोणीत भरले.
डझनभर कुलपं घाऊक स्वस्त पडली,
सुताराकडून कोयंडे ठोकून घेतले,
एकेकाला एकेक खण दिला.
डबा ठेवा, म्हटलं. मोबाईल ठेवा.

डबा कुणीच ठेवला नाही.

नाझनीन मुकादम सकाळी आल्या आल्या
आधी खण उघडायची,
दोन मिनिटं पाठ आमच्याकडे,
मग अ‍ॅप्रन.
घरी त्यांच्या एका खोलीत सात जण,
तिथे पर्ससुद्धा सगळ्यांची.
ल्यूकनं बुटांचा जोड ठेवला, कोरा,
लग्न अजून ठरलंही नव्हतं.
पॉलिशवाले गुरवकाका कुलूप लावून
रोज एकदा ओढून बघायचे.
त्यांचा खण रिकामाच होता,
हे त्यांनीच सांगितलं, तीन वर्षांनी.
"असू दे. बंद करायला बरं वाटतं."

कारगुटकर गेला.
जाणारच होता. सहा हजार म्हणजे सहा हजार.
भट्टीची तापमानं वहीत लिहून दिली,
अ‍ॅप्रन धुऊन, घडी घालून दिला.
किल्ली दिली नाही.
मी मागितली नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी येतो,
सात नंबर उघडतो, पाठ आमच्याकडे,
बंद करतो, बशीत चहा ओततो.
एकदा विचारलं, तिकडे लॉकर नाही?
"आहे ना. कार्डानं उघडतो.
कार्ड एचआरकडे पण असतं."

मला तेव्हा कळलं मी काय केलं होतं.
प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या येतात.
मी दोन्ही देऊन टाकल्या होत्या.
एक आपल्याकडे ठेवायची असते
हे त्या रविवारी सुचलंच नव्हतं,
अंगभर प्लास्टर होतं, भूक लागली होती.
कुलपं, कोयंडे, सुतार धरून
सगळे मिळून दोन हजार चाळीस.
वहीत खर्च "किरकोळ"मध्ये टाकलाय.

नाझनीनला दोनदा बोलावणं येऊन गेलं. ती अजून आहे.
ल्यूकही आहे, बूट त्याला आता घट्ट होत असतील.
खणासाठीच राहिले असं मी म्हणत नाही.
त्यांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

काल कारगुटकरच्या जागेसाठी
एक पोरगा आला, विटाव्याचा, हात चांगला.
पगार ऐकून त्यानं मान हलवली नाही.
सुट्ट्या ऐकल्या, भट्टी बघितली,
तिसरा चहा ऐकून थोडा हसला.
मग कपाटाकडे बघत राहिला,
आणि विचारलं,
दुसरी किल्ली कुणाकडे असते?