वाढतं माप

सुभाषनगरात सकाळी आठला
आप्पा जुन्या पेपरवर डावा पाय ठेवतात,
मी पेन्सिल फिरवते.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे पाय असेच काढले त्यांनी.
आता स्वतःचा. काल नऊ नंबर, आज दहा.
पाणी चढलंय.

सीपीआरमध्ये एको बघून
मगदूम बाई म्हणाल्या, पंचवीस टक्के.
"म्हंजे नापास. पस्तीस तरी लागत्यात की."
बाईंनी पाठीला नळी लावली, ऐकत राहिल्या.
"इंचू वाजायलाय न्हवं आत?"
त्यांना कळेना. मग मीच सांगितलं,
तळात घालतात ते बी, चप्पल करकरावी म्हणून.
चप्पल वाजली की गिऱ्हाईक खूश.
छातीचं तसं नसतं.

मीठ बंद. पांढरा रस्सा बंद.
पाणी तांब्याला खूण करून.
उशा तीन.

मग कळलं, एक अभ्यास चाललाय.
वाढीचं हार्मोन. न वाढणाऱ्या पोरांना देतात ते
थकल्या हृदयाला देऊन बघायचं.
"गुण येईलच असं नाही," बाई स्पष्ट बोलल्या,
"आधी कुणाला आला, कुणाला नाही.
अर्ध्यांना तर नुसतं पाणीच टोचणार.
चिठ्ठी कंप्युटर काढतो, मलाही कळत नाही."

आप्पा फॉर्मची कड अंगठ्यानं चाचपत होते,
कातडं पारखावं तशी.
"एकसष्टाव्या वर्साला वाढ?
पोरांच्या चपला आमी वाढत्या मापाच्या करतो, बाई.
पुढं बोटभर जागा सोडायची.
कधी पाय त्यात भरतो,
कधी त्याआधीच चप्पल झिजती."
आणि सही केली. साताप्पा,
एक प नेहमीसारखा गाळून.

फ्रीजमध्ये ठेच्याच्या वाटीशेजारी सुया.
रात्री मी पोटाची चिमूट धरते.
"आरी धरल्यागत धर. थरथरू नगं."

सातव्या आठवड्यात पाय नऊवर आला.
मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात पळाले.
आई म्हणाली, लघवीची गोळी दुप्पट केलीय की मंगळवारी.
खरंय.

खिळ्याला पेपर टोचलेत,
एकोणपन्नास डावे पाय, हरेकाखाली तारीख.
पंखा लावला की फडफडतात,
चालत कुठंच नाहीत.

आज तळव्याकडेनं पेन्सिल नेताना
आप्पांनी एकदम पाय आखडला.
"गुदगुल्या हुत्यात गं."
रेघ तिथं वाकडी गेलीय.
खोडलेली नाही.