ताळा

सोहारच्या यार्डात तो आला तेव्हा
सावलीतला पानासुद्धा हातात धरवत नव्हता.
हृषीकेश करंबेळकर. बूट नवे, शर्ट पाठीला चिकटलेला.
बॅगेतून काढून त्यानं एक बेअरिंग टेबलावर फिरवलं.
आमचा चहा संपला, कप धुऊन झाले,
तरी ते फिरतच होतं.
"लेप आहे," तो म्हणाला, "डोळ्यांना दिसायचा नाही इतका पातळ.
सगळ्या हबमध्ये बसवा, डिझेल सहा टक्के वाचेल."

मकबाली साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
चाळीस ट्रेलर गुणिले सहा:
मालकाच्या डोळ्यांत गुणाकार फार लवकर होतो.

मी विचारलं, टेबलावर याच्यावर ओझं किती?
तो हसला.
माझ्या गाडीवर पंचेचाळीस टन खडी असते
आणि समोर वादी जिझ्झीचा चढ.

माझे वडील बैलगाड्या भरायचे, कारखान्यावरच्या.
तुंब्यात वंगण घालून झालं की म्हणायचे,
कुरकुर थांबली;
आता ओझं हलकं झालं का, ते बैलाला विचार.

तर विचारायचं ठरवलं.
सतरा नंबरला लेपाची बेअरिंगं, तेवीसला साधी, दोन्ही नवी कोरी.
खडी एकाच काट्यावर तोललेली, पंप एकच,
टायरमधली हवा पहाटे चारला, डांबर तापायच्या आत.
टाकी गळ्यापर्यंत भरायची, फेस बसेपर्यंत थांबायचं.
बुरैमीहून गाडी परतली की
मी पितळी काठी आत सोडायचो
आणि वहीत आकडा.

पहिला आठवडा: सतरा नंबर पाच टक्क्यांनी पुढे.
करंबेळकरचा फोन आला, आवाजात पेढे होते.

मग मी बेअरिंगं नाही बदलली,
ड्रायव्हर बदलले.
शेरजमान तेवीसवर, कुंजप्पन सतरावर.
आणि ते पाच टक्के
शेरजमानच्या मागोमाग, त्याची चटई, त्याचा थर्मास घेऊन
दुसऱ्या केबिनमध्ये चढून बसले.

"फोरमन," शेरजमान म्हणाला,
"तू रोज संध्याकाळी काठी घालून बघतोस.
सोळा वर्षं गाडी हाकतोय, कुणी बघितलं नव्हतं.
बघणारा असला की पाय आपोआप हलका पडतो."

मग तीन महिने. ड्रायव्हर आलटून पालटून,
कुठल्या गाडीत काय आहे ते कुणालाच न सांगता.
एक दिवस शमाल सुटला, समोरून,
आणि एका फेरीत इतकं डिझेल खाऊन गेला
की महिनाभराची बेरीज लाजली.

एकदा चढाच्या माथ्यावर मीही गेलो होतो.
गाडी थांबल्याबरोबर खाली उतरून हबवर तळहात ठेवला.
ठेवता आला. साध्या बेअरिंगच्या हबवरही.
टायरला बोट लावलं, झटक्यात मागे घेतलं.
रेडिएटरच्या तर जवळ जाववेना.
डिझेल जिथं जातं तिथं हात टिकत नाही,
एवढं मला कुणी शिकवलं नव्हतं, तिथं उभ्या उभ्या कळलं.
रुपयातला एक पैसा हबमध्ये जात असेल.
त्यातला अर्धा वाचवला, कबूल,
पण सहा पैसे कुठून आणू?

शेवटी ताळा केला.
सतरा नंबर शून्य पॉइंट चार टक्के पुढे.
आणि माझी काठी, टाकी किंचित कलती असली तर,
एक टक्का खोटं बोलते.

साहेबांनी विचारलं, सुधारतं की नाही?
मी लिहिलं: काठीला दिसत नाही.
त्यांना हो किंवा नाही हवं होतं. मलाही.
करंबेळकर रागावला नाही, थकला होता बिचारा,
बेअरिंग माझ्या बिलांवर वजन म्हणून ठेवून गेला.
एसीचा झोत आला की अजून जरासं सरकतं.

वही बंद झाली, पण संध्याकाळी मी काठी घेऊन जातोच.
शेरजमान थोडा बाजूला उभा राहतो,
समुद्राकडे बघत,
मुलाचं प्रगतिपुस्तक दुसरं कुणी उघडत असावं तसा.
मी काठी बाहेर काढतो, पुसतो,
आणि आकडा
त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचतो.