पाचवी रेघ आडवी

चार उभ्या, पाचवी आडवी.
तीस वर्षं मुरगावच्या धक्क्यावर मी एवढंच लिहिलं.
एक रेघ म्हणजे एक बादली,
बोटीच्या पोटात गेलेला सावर्ड्याकडचा डोंगर.
सदरा घरी गेला की पाणी तांबडं व्हायचं,
बायको म्हणायची, आज किती मारून आलात?

घरी कोंकणी, हिशेब मराठीत,
बापाच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगेज शिक्का,
आणि साहेबाशी भांडण मोडक्या इंग्रजीत.
कुठल्या भाषेत गप्प बसायचं
हे मात्र कुणी शिकवावं लागलं नाही.

संपात अडकलेल्या एका बोटीवरचा इद्वाल प्रिचर्ड
सरळ आमच्या कचेरीत येऊन बसला.
मीही युनियनवाला, म्हणाला, आणि चहा मागितला.
त्याचा आजा वेल्समधल्या खाणीत कोळसा फोडायचा.
माझ्या आजाने कार्डिफचा कोळसा
डोक्यावरून उतरवला होता, इथेच, आगगाडीसाठी.
तुझ्याच्या फुप्फुसात जे गेलं, मी म्हणालो,
ते माझ्याच्या केसांत राहिलं.
त्यावर आम्ही दोघं फार हसलो. हसण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी त्याला किल्ल्यावर नेलं.
कोसळलेला तट, पलीकडे सांकवाळची किनार.
आमच्या गावातही आहे, तो म्हणाला,
सातशे वर्षांपूर्वी बाहेरच्या सरदाराने बांधलेला.
एक बुरूज कललाय, पडत नाही.
आता तिकीट लावलंय. आम्हालाही.

मग त्याने सांगितली ती फळी.
शाळेत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडी फळी,
त्याने दुसऱ्याला बोलताना पकडायचं
आणि आपल्या गळ्यातली त्याच्या गळ्यात घालायची.
शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात, त्याला छडी.
मास्तरला फार काम नव्हतं, म्हणाला. पोरंच करायची.

आणि वेल्श म्हणजे काय, माहीत आहे? परके.
आमच्याच घरात येऊन आम्हाला परके म्हणाले.
आम्ही स्वतःला कुम्री म्हणतो. सोबती.
मी म्हणालो, आमच्याकडे कुमेरी म्हणजे
डोंगर जाळून त्या राखेत पेरलेली नाचणी.
त्याने ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी, बंदर बंद असताना, सभा भरली.
कामरेड फातर्पेकरांनी ठराव मांडला:
बायण्यातल्या कानडी हमालांना सभासद करू नये.
भायले ते. आज आहेत, उद्या नाहीत.
आपण साडेचारशे वर्षं सोसलं, ते काय यांच्यासाठी?
टाळ्या पडल्या. वाक्य चांगलंच होतं.
दाराबाहेर यमनाप्पा चपला हातात घेऊन उभा,
संपाचे सगळे दिवस आमच्याबरोबर उपाशी राहिलेला.

हात मोजायचं काम माझ्याकडे.
चार उभ्या, पाचवी आडवी,
चार उभ्या, पाचवी आडवी.
एकूण तेवीस भरले.
समोर बावीस हात होते.

इद्वालचं पत्र आलं, खूप नंतर:
खाण बंद झाली, बुरूज अजून कललेलाच,
तुमच्या युनियनचं काय?
उत्तरात मी हवामान लिहिलं.

आता उलटं आहे. बोटी कोळसा घेऊन येतात.
सड्यावर तुळशीचं पान पुसलं तर बोट काळं होतं,
नातू खोकतो तेव्हा
मला न पाहिलेली एक खाण ऐकू येते.

काल एक मुलगी आली, हातात सह्यांचा कागद.
कोळशाविरुद्ध मोर्चा आहे शुक्रवारी.
कोंकणी तर अशी, की माझ्या नातवाने शिकावी.
नाव विचारलं. शिवलीला.
कुणाची?
यमनाप्पाची नात.

मी चष्मा शोधत राहिलो. डोळ्यांवरच होता.
तिने पेन पुढे केलं, आणि
रकाना भरायचा म्हणून, सहज, विचारलं:
आजोबा, तुमी हांगचेच मरे?