येसूकाकीकडे येण्याआधी

फोनवर तुम्ही विचारलंत, खोलीला एसी आहे का.
पडवी आहे. खाडीवरून वारा येतो,
भरतीला गार, ओहोटीला चिखलाच्या वासाचा.
झोप लागत नाही म्हणून येताय ना तुम्ही?
पहिल्या रात्री इथेही लागणार नाही.
पलीकडे होड्यांची इंजिनं तीनलाच सुरू होतात.

मी तिची पुतणी, हर्षदा. चिठ्ठ्या मी लिहिते.
काकीला अक्षरं येत नाहीत,
पानं येतात.

फाईल आणा. सगळी, एक्सरे-बिक्सरेसकट.
गोळ्या चालू असतील तर त्या कपड्यांच्या घडीत लपवू नका,
तिच्या हातावर ठेवा.
रक्तदाबाची ती स्वतःही घेते,
गुलाबी, चहाच्या आधी.
निपाणीचे शिंत्रे इन्सुलिनचं बोललेच नाहीत.
टोचत राहिले गुपचूप, आणि पोटात नुसती पेज.
तिसऱ्या दुपारी घामाने डबडबले.
काकीने काढ्याचं भांडं पायाने बाजूला सारलं,
त्यांच्या गालात गूळ कोंबला
आणि बाबल्याच्या रिक्षात घालून थेट कणकवलीला नेलं.
नंतर आले ते फक्त बॅग न्यायला.

मासे मिळणार नाहीत. हे परत एकदा वाचा.
घर गाबतांचं. दारात सुंगटांच्या टोपल्या,
शेजारी बांगडे भाजतील
आणि धूर नेमका तुमच्याच पडवीत येईल.
तुम्हाला उकड्या तांदळाची पेज, मीठ बेताचं.
पाचव्या दिवशी तिला चव येते.
काहींना येतच नाही, ते चौथ्या दिवशी एसटी धरतात.
आम्ही त्यांना हसत नाही. फार नाही.

नाडी धरून ती आजाराचं नाव विचारणार नाही.
विचारेल,
तुमच्या घरात शेवटचं कोण जेवतं.
उत्तर तयार करून येऊ नका.

आता सालीचं.
तुम्ही दिव्याच्या अवसेच्या सुमारास येताय, म्हणून सांगते.
त्या सकाळी आमच्याकडे सातविणीचा रस घेतात,
मिरी घालून, कडूजहर.
रीत अशी: उजाडायच्या आत जायचं,
वाटेत कोणाशी बोलायचं नाही,
सालीला लोखंड लावायचं नाही, दगडाने ठेचायची.
काजराही तिथेच उभा असतो, त्याच बांधावर.
काळोखात दोन्ही साली हाताला सारख्याच लागतात.
एकीतून पांढरा चीक येतो,
दुसरीतून नाही.

काकीचा धाकटा, विसू, रीतीने गेला होता.
कोणाला सोबत नेलं नाही, बोलला नाही,
लोखंड लावलं नाही.
आणला त्याने रस आधी स्वतः प्यावा,
तीही रीतच.
म्हणून घरातली बाकीची सात माणसं आहोत.

तेव्हापासून काकी बॅटरी घेऊन जाते.
कोयतीने खाच पाडते, उजेड जवळ धरते,
थांबते. मोठ्याने बोलते झाडाशी,
सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं:
"चीक इलो तर तू सातवीण.
नाय इलो तर मी चललंय घराक."
वाडीत म्हणतात, अशाने सालीचा गुण जातो.
जात असेल.

एवढं वाचूनही यायचं असलं तर
साडेपाचची एसटी तिठ्यावर सोडते.
तिथून उतार आहे, चपला जुन्या घाला.
आणि कणकवलीत गाडी थांबली
तर बॅटरीचे दोन जाड सेल घेऊन या.
आमच्या दुकानात मिळतात ते बारीक.