माया

गावभागात, बंद पडलेल्या गिरणीमागच्या खोलीत
मे संपता संपता गाठोडी येऊन पडतात :
उंच झालेल्या मुलांच्या अंगातून सुटलेले शर्ट,
बुडाशी विरलेल्या खाकी चड्ड्या,
एका पिनाफोरच्या खिशात
गेल्या वर्षीच्या बोरकुटाची पुडी.

भिंतीवर पुराची रेघ आहे, माझ्या छातीइतकी.
तिच्या वरच्या खुंट्यांवरच आम्ही कपडे टांगतो.

मशीनवर शकिलाचाची मुजावर.
वही आदगोंडा मगदुमांकडे, निवृत्त पोस्टमास्तर.
वहीत नावं नाहीत.
कमर बावीस, उंची अठरा.
खांदा अरुंद, डावा हात किंचित आखूड.
लवकर वाढेल, आई उंच आहे.
एवढंच.
नाव लिहिलं की माणूस देणेकरी होतो,
मास्तर म्हणतात, आणि पेनाला टोपण लावतात.

मी बटणं काढतो.
पांढरी काढून निळसर लावतो,
निळसर काढून पांढरी.
खिसा उसवून दुसऱ्या शर्टाचा बसवतो,
कॉलर उलटी करतो.
शाईच्या डागाला मीठ नि लिंबू,
नाहीच गेला तर त्यावर शाळेचा बिल्ला.
शर्ट असा निघाला पाहिजे
की ज्याचा होता त्यालाही ओळखू येऊ नये.

नियम चाचीचा आहे.
त्याचं कारण मात्र माझ्याजवळ आहे.

पाचवीत, खणभागातल्या शाळेत
किसन ऐवळे माझ्या पुढच्या बाकावर बसला
आणि त्याच्या पाठीवर, डाव्या बाजूला,
माझ्या आईनं केलेला रफू होता.
मी उभा राहून ओरडलो :
बाई, हा माझा शर्ट आहे!
चोर सापडल्यासारखा.
वर्ग हसला. बाईसुद्धा, थोड्याशा.
किसननं मागं वळून पाहिलं नाही.
त्याचे कान तेवढे मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
तिसऱ्या दिवशीही.
त्याची आई हळदीच्या वखारीत जायची,
पुढं तोही तिथंच दिसला म्हणे,
दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवताना,
भुवयांपर्यंत पिवळा.

गेल्या वर्षी एक साहेब आले, फ्लेक्स घेऊन.
मुलांना जरा ओळीत उभं करा, म्हणाले, एकच फोटो.
चाचीनं पायडल थांबवलं नाही.
"पोरं न्हाईत हितं, मापं हायत.
त्येंचा काढा."
साहेबांनी खरंच खुंट्यांचा फोटो काढला.
पैसे दिले की नाही, आठवत नाही.
मास्तरांना विचारलं पाहिजे.

परवा एक स्कर्ट परत आला.
धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात बांधून.
चिठ्ठी नाही.
खालची पट्टी दोनदा सोडलेली :
एकदा चाचीच्या हातानं,
एकदा कुणाच्या तरी कच्च्या हातानं,
लांब लांब टाके, दोरा भलत्याच रंगाचा.
चाचीनं तो उलटा केला, काठ बोटांत घोळवला.
"हेची माया सपली," म्हणाली,
"आता सोडाय काय ऱ्हायलं न्हाई."
आणि तशाच निळ्या कापडाची पट्टी
पेटीत शोधू लागली.

मी अजून शिकतोच आहे.
कात्री माझी खडूच्या रेघेला चिकटून चालते.
मागून हाक येते :
"माया ठेव की रं जरा,
वाढतं अंग हाय."

काल निघताना, मास्तर कुलूप शोधत होते तेव्हा
मी वहीत एक माप लिहिलं.
छाती सव्वीस. वय दहा. कान मोठे.
त्या मापाचा माणूस आता माझ्याएवढा असेल,
कुठं असेल, ठाऊक नाही.

आज सकाळी मास्तरांनी ते वाचलं.
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
काही म्हणाले नाहीत.
त्याखालीच पुढचं माप लिहिलं.