सहाव्या सेकंदापर्यंत

तेगू शहर. पोलीस ठाणं, दुसरा मजला.
हवालदार माझ्या टॅक्सीच्या डॅशकॅममधलं कार्ड
संगणकाला लावतो.
घड्याळ चार मिनिटं पुढे आहे,
तेवढं वेगळं लिहून घेतो.

दिवा हिरवा. माझा वेग सत्तेचाळीस.
डावीकडून स्कूटर, मागे जेवणाची लाल पेटी,
आणि मग नुसती काच, तडकलेली.
"तुमची चूक नाही, बे साहेब."
पुन्हा लावलं. पुन्हा माझी चूक नव्हती.
विमावाल्यानं तर
तांदूळ निवडावेत तसं
एकेक चित्र बाजूला काढलं.

आवाजही येतो त्यात, हे विसरलोच होतो.
धडकेआधी मी रेडिओवरच्या बाईला
"काहीही सांगतेस" म्हणतोय, हसत.
त्याला कुठलं कलम लागत नाही.

मग त्याची आई आली.
बाजारात मोडाचं सोयाबीन विकते,
रबरी हातमोजे तसेच हातात.
दिवा, वेग, काही बघायचं नव्हतं तिला.
"थांबा. जरा मागे. इथे."
सहावा सेकंद:
हेल्मेटची काच वर करून
पोरगा बाहीनं नाक पुसतोय.

"सर्दी होती दो-ह्यानला," ती म्हणाली,
माझ्याकडे बघून, मीच विचारल्यासारखी.
"मला इथपर्यंतचंच द्या."

नियमात बसत नव्हतं.
पण कार्ड माझं होतं.
मी मान हलवली.

सातव्याच्या आधी नेमकं कापायला
हवालदाराला फार वेळ लागला.